कडुनिंबाच्या पोटातलं चित्र

गवळी मॅडम टरबूज घेताना एकदा टिचकी मारून थांबत नसत. ते हातात फिरवत सगळीकडून वाजवायच्या, कान लावायच्या आणि मगच पिशवीत टाकायच्या. टरबूजवाला वैतागला की म्हणायच्या, "एका बाजूनं सगळेच गोड वाजतेत, भाऊ!"

मॅडम मूळच्या पिशोरच्या, शेतकरी घरातल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या आणि पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहायच्या. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं.

आमच्या गल्लीत एक जुना कडुनिंब आहे. वादळात त्याची जाड फांदी मोडली आणि त्या जागी पोकळी दिसली. समोरचे देशमुख काका घाबरले. त्यांची नात त्याच झाडाखाली खेळायची. "आतून पोखरलंय. पडायच्या आधी तोडा," ते म्हणाले. गल्लीला पटलं. मलाही पटलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची भीती खरी हाय. पण एक रविवार द्या मला. पोकळ निघालं तर मीच तोडा म्हणीन."

रविवारी त्यांनी बुंध्याभोवती गोलाकार सेन्सर बसवले. एकावर हातोडीनं ठोकायचं, आवाज बाकीच्यांपर्यंत कधी पोचतो ते यंत्र टिपणार. भरीव लाकडातून आवाज झटकन जातो. पोकळी लागली की वळसा घालतो, उशिरा पोचतो.

"याला टोमोग्राफी म्हणतेत," मॅडम म्हणाल्या. "एकट्या सेन्सरला कायबी कळत नाय. सगळ्यांचं जुळवलं की आतलं चित्र उमटतं." आणि हातोडी त्यांनी काकांच्याच हातात दिली.

काका आधी बिचकले, मग असे रंगात आले की त्यांना आवरावं लागलं. लॅपटॉपवर बुंध्याचा आडवा काप हळूहळू दिसू लागला. पोकळ तिथं लाल, भरीव तिथं हिरवा. मोडक्या फांदीकडे लाल डाग होता. बाकी सगळं हिरवंगार.

"म्हणजे पडत नाय?" काकांनी हातोडी खाली ठेवत विचारलं.

"त्या बाजूच्या फांद्या हलक्या करू, दरवर्षी तपासू. लई वर्षं उभं राहतंय बघा!"

काकांनी नातीला हाक मारली आणि गल्लीभर जिलेबी वाटली.

मॅडम निवृत्त होऊन पिशोरला गेल्या. आता नवं बिऱ्हाड आलं की काका त्यांना झाडाखाली बसवून ही हकिगत ऐकवतात. त्यांच्या हकिगतीत झाड तोडा म्हणणारा मी असतो आणि वाचवणारे ते! मी फोनवर मॅडमकडे तक्रार केली. त्या खूप वेळ हसत राहिल्या.

"सांगू द्या की! ऐकणारे सावलीत बसतेत ना? मग झालं तर."