दोडक्याला मासळीचं पाणी

शेजारची नवी सून घाटावरची, मासळी न खाणारी. माहेरून आणलेलं दोडक्याचं एकुलतं एक बी तिने आमच्या रेताड किनाऱ्यावर लावलं, आणि वेल पिवळा पडू लागला.

"अगो, मासळी धुतलेलं पाणी घाल त्याला," सासू म्हणाली. "वेल तुझ्या माहेरचा, पण माती इथलीच ना?"

आज खिडकीतून पाहिलं. नाकाला पदर लावून ती मुळाशी ते पाणी ओतत होती.

"मला नाही वास सोसत," ती वेलाला म्हणाली, "पण तू पी बाबा."

अशाच पाण्यावर पोसलेली भाजी विकून आईने मला पदवीपर्यंत शिकवलं. समुद्राचं देणं ताटात येतंच असं नाही. कधी ते मुळांतून येतं.

वाऱ्याने वेल काठीवरून निसटला. तिने नाकावरचा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी वेल सावरला.