थोरल्या जावेचा गृहपाठ

रेश्माला कुणी शिक्षण विचारलं की ती म्हणायची, "दहावीपर्यंत." पास की नापास, हे ती सांगत नसे आणि समोरचाही सहसा विचारत नसे. निरवांगीच्या शाळेत असताना ती गणितात राहिली, पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि सणसरला नांदायला आल्यावर तो विषय तिथंच संपला. नवरा ऋषिराज साखर कारखान्यात फिटर. लेक ओवी शाळेत जायला लागली तशी रेश्मा गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. खिचडी शिजवायची, पोरांचे हात धुवायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. सेविकाबाई रजेवर गेल्या की गाणी म्हणून घेणारी आणि पोरांची वजनं करणारीही तीच. पण सेविकेची जागा निघाली की हिचं नाव मागं पडायचं, ते त्या "पर्यंत"मुळं.

मग बारामतीत शाळा सुटलेल्या बायकांसाठी रविवारचा वर्ग सुरू झाला. निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाई तो चालवायच्या. ऋषिराज म्हणाला, "जा की. रविवारचा सैपाक मी आन ओवी बघतो." रेश्मा वडापच्या जीपनं जायला लागली. मराठी, इतिहास, विज्ञान, सगळं तिला जमत गेलं. भूमितीसुद्धा जमली. बीजगणितात मात्र एक्स दिसला की ती पान उलटायची.

बाईंनी आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली होती. एका रविवारी 'सरळ रूप द्या' म्हणून अपूर्णांकांची उदाहरणं दिली. वरही एक्स, खालीही एक्स. रेश्माला वाटलं, हे तर सोपं हाय. वरचा एक्स खोडला, खालचा खोडला, उरलं ते उत्तर. पुढच्या रविवारी वही परत आली ती फुल्याफुल्यांनी लाल होऊन.

"पुन्हा करून आणा," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "घरात कुणी शिकलेलं असेल तर विचारा. त्यात लाजण्यासारखं काय?"

"घरात कोन न्हाय बाई," रेश्मा म्हणाली आणि तिची तिलाच शरम वाटली. कारण घरात होतं. नुसतं शिकलेलं नव्हे, बारामतीच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झालेलं. तिची धाकटी जाऊ, सई.

दोघींच्या खोल्यांत एक भिंत, पुढं अंगण एकच. तरी दोन वर्षं दोघी कामापुरतंच बोलत. झालं होतं ते एवढंच : ओवी पाचवीत होती. रेश्माचा भाऊ कुंडलिक बायकोला घेऊन आला होता आणि रेश्मा पाहुण्यांसमोर मोठ्या हौसेनं लेकीला अपूर्णांकांची बेरीज शिकवत बसली होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, वरची बेरीज दोन, खालची पाच, झालं दोन पंचमांश. सई चहाचा ट्रे घेऊन चालली होती. जाता जाता म्हणाली, "अहो ताई, चुकीचं शिकवताय तिला." कुंडलिकची बायको हसली. रेश्मा हसली नाही. माहेरच्या माणसांपुढं आपलं हसं झालं, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलं.

शनिवारी दुपारी ती वही घेऊन पुन्हा बसली. तेच खोडणं आणि तेच घोळ. ऋषिराजनं वहीत डोकावून बघितलं आणि "मला आपलं नटबोल्टच बरं" म्हणून तो कारखान्याला गेला. सातवीतल्या ओवीनं पान उलटसुलट केलं.

"आम्हाला न्हाय आलं अजून हे. काकूला विचार की. ती मला किती छान सांगती."

पोरीला भिंत नव्हतीच. ती दिवसातून चारदा पलीकडं जायची.

रेश्मानं वाटीत शेंगदाण्याची चटणी घेतली, वही पदराखाली धरली आणि अंगण ओलांडलं. सई लसूण सोलत बसली होती. दीड वर्षाचा अद्वय सालींशी खेळत होता.

"ताई! या ना, बसा." सई गडबडून उठलीच.

"चटणी केलीवती. म्हटलं, द्यावी." रेश्मानं वाटी खाली ठेवली. पदराखालून वही घसरून खाली पडली आणि लाल फुल्यांचं पानच उघडलं.

सईनं वही उचलली. रेश्माला वाटलं, आता ही हसणार. सई हसली नाही. पान जवळ धरून वाचत राहिली, आणि तिचा चेहरा एखाद्या ओळखीच्या माणसाची अचानक गाठ पडावी तसा झाला.

"बाई गं! किती दिवसांनी बघतेय मी हे. ताई, करू या आपण?"

लसूण बाजूला सरकला. सईनं पहिलंच उदाहरण घेतलं. वर एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा, खाली एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक चार. रेश्मानं त्यातले सगळे एक्स खोडून एकोणीस छेद नऊ असं उत्तर काढलं होतं.

"हे राहू द्या क्षणभर. वीस छेद दहा म्हणजे किती?"

"दोन."

"आता वीसला पंधरा अधिक पाच लिहा आणि दहाला पाच अधिक पाच. वरचा एक पाच खोडा, खालचा एक पाच खोडा. काय उरलं?"

"पंधरा छेद पाच. म्हंजी तीन." रेश्मा थांबली. "पर उत्तर तर दोन हाय."

"मग वीसला चार गुणिले पाच लिहा, दहाला दोन गुणिले पाच."

रेश्मानं पाच खोडले. चार छेद दोन. "दोनच आलं."

"बस, एवढंच आहे. गुणाकारातलं कापायचं, बेरजेतल्याला हात लावायचा नाही. म्हणून आधी अवयव पाडायचे, म्हणजे वरचं आणि खालचं गुणाकारात येतं."

दोघींनी अवयव पाडले. वर एक्स अधिक तीन आणि एक्स अधिक चार. खाली एक्स अधिक एक आणि एक्स अधिक चार. एक्स अधिक चारचा सबंध कंस वर-खाली सारखाच निघाला. रेश्मानं तो हळूच खोडला आणि सईकडं बघितलं.

"बरोबर हाय का?"

"मला नका विचारू. एक्सच्या जागी एक घाला आणि बघा."

रेश्मानं आकडे घातले. मूळ उदाहरणात वर वीस आले, खाली दहा, म्हणजे दोन. उत्तरात चार छेद दोन, तेही दोन. तिनं पुन्हा एकदा करून बघितलं. बरोबर आलंय की चुकलंय हे कुणी सांगायची वाट बघावी लागत नाही, आपलं आपल्याला कळतं, हे शाळेत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, भीतीपायी तिला ऐकू गेलं नसेल.

पुढच्या उदाहरणात एक्स वर्ग वजा दोन एक्स वजा पंधरा होतं. सईनं झरझर लिहिलं : एक्स अधिक पाच, एक्स वजा तीन. रेश्मानं मुकाट्यानं एक घालून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सई, मुळात वजा सोळा येतंय. तुझ्यात वजा बारा."

सईनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "चिन्हं उलटी घातली मी. एक्स वजा पाच, एक्स अधिक तीन. बघा, माझंही गणित गंजलंय." ती खळखळून हसली, तशी रेश्माही हसली. हसता हसता तिच्या तोंडून निघूनच गेलं, "तवा पाव्हण्यांसमोर म्हनाली व्हतीस, चुकीचं शिकवताय म्हनून."

सईला काही आठवेना. रेश्मानं सगळं सांगितलं, कुंडलिकच्या बायकोच्या हसण्यासकट.

"असं म्हटलं मी? सगळ्यांसमोर?" सईचा चेहरा पडला. "खरंच आठवत नाही हो ताई. मला वाटायचं, मी वेगळा गॅस मांडला म्हणून तुमचा राग आहे. किती वेळा मनात आलं, जाऊन विचारावं. धीर झाला नाही."

"गॅसचं काय घिऊन बसलीस! त्ये तर आप्पांनीच सुचवल्यालं." आप्पा म्हणजे सासरे, आप्पासाहेब. "मला उलट बरंच वाटलं. तुला तिखट सोसत न्हाय, आमचं मिळमिळीत जात न्हाय."

सई डोळे पुसत चटणीकडं बघत म्हणाली, "ही तरी कमी तिखट आहे का?"

"न्हाय," रेश्मा म्हणाली. "दुधात कालवून खा."

संध्याकाळी रेश्मा आपल्या घरात उरलेली उदाहरणं एकटीनं सोडवत बसली. अवयव नीट पडत होते, कंस कापले जात होते. प्रत्येक उत्तर ती आकडा घालून तपासत होती. एका उदाहरणात वर एक्स वर्ग वजा नऊ, खाली एक्स वर्ग वजा एक्स वजा बारा. तिनं हौसेनं चार घातले आणि खाली शून्य आलं. पुन्हा केलं, तरी शून्यच. काही विचार न करता ती दारात आली आणि ओरडली, "अगं सई, चार घातले तर खाली शून्य आलं!"

भिंतीपलीकडून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं, "मग तो आकडा चालत नाही तिथं! पाच घालून बघा, ताई!"

अंगणात खाटेवर बसलेल्या आप्पासाहेबांनी मान वर केली. कशाचं शून्य आणि कशाचे पाच, हे त्यांना कळलं नाही. पण थोरलीनं धाकटीला नावानं हाक मारली होती आणि धाकटीनं ओ दिली होती. ते खाटेवर पाय लांब करून बसले.

रेश्मानं पाच घातले. सोळा छेद आठ, दोन. उत्तरात दोन छेद एक, दोनच. तिनं वही मिटली आणि भाकरी थापायला घेतली.

रविवारी प्रमोदिनीबाईंनी वही तपासली. एका ठिकाणी चिन्ह चुकलं होतं, बाकी सगळं बरोबर.

"कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"माझी जाऊ बीएस्सी हाय," रेश्मा म्हणाली, शेजारच्या बाकावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. बीजगणिताचे बरेच धडे अजून व्हायचे आहेत, आणि पुढच्या धड्याचं नाव वाचूनच रेश्माला धडकी भरलेली आहे. पण त्या रविवारी वडापमधून उतरून ती घरी आली तेव्हा सई अद्वयला कडेवर घेऊन दारातच उभी होती.

"ताई, किती बरोबर?"

"एक सोडून समदी. थांब, आधी च्या टाकते, मग सांगते," रेश्मा म्हणाली आणि चपला काढून, आपल्या दाराऐवजी, सईच्याच घरात शिरली.