बा हम्मादीचा चमचा

सेफ्रू गावच्या जुन्या कोटातल्या गल्लीत बकरी ईदला घरोघरचे मेंढे बा हम्मादीच कापायचा. काम एका फटक्यात, आणि मेंढ्याला शेवटपर्यंत ताकास तूर लागू द्यायचा नाही. आधी पाणी पाजायचा. दुसरा मेंढा दिसला की त्याला भिंतीआड न्यायला लावायचा. सुरीचं नावसुद्धा मेंढ्यापुढे काढायचं नाही. तो तिला चमचा म्हणायचा. "तामू, चमचा दे गं," म्हटलं की बायको शालीखाली झाकून सुरी आणायची. नवख्याला वाटायचं, म्हातारा मेंढ्याला जेवू घालतोय.

"मरण अल्लानं लिहिलंय," तो म्हणायचा, "भीती आपण कशाला वाढायची?"

गेल्या ईदेला शेजारणीच्या, रुक्कियाच्या अंगणात त्याचा हात थरथरला. सुरी अर्ध्यात अडली आणि मेंढा बराच वेळ पाय झाडत राहिला. मशिदीतल्या फकीहांनी, धर्मपंडितांनी, मांस हलाल असल्याचा निर्वाळा दिला.

"मांसाचं नाही, मेंढ्याचं विचारतोय," बा हम्मादी म्हणाला.

"मेंढ्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं," फकीह म्हणाले आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेले.

त्या मेंढ्यानं त्याला वर्षभर धड झोपू दिलं नाही. सुरी सोडावी असं रोज वाटायचं. पण मग गल्लीत आपल्याला विचारणार कोण, हेही वाटायचं. शेवटी त्यानं ठरवलं, यंदा हात जरा घट्ट धरू.

यंदा बोलावणंच येईना. तो आपणहून रुक्कियाच्या दारात गेला.

"आम्ही या वर्षी भावाकडे जाणार, काका."

गच्चीवरून मेंढा ओरडला.

"हा कोण मग?"

"पाहुणा आहे," रुक्किया म्हणाली.

ईदच्या सकाळी नमाजाहून येऊन त्यानं बाह्या सरसावल्या. "तामू, चमचा दे गं."

तामू आतून आली. तिनं आधी पाण्याचा पेला पुढे केला. "प्या हो शांतपणे," ती फार गोड आवाजात म्हणाली. एवढं गोड ती लग्नानंतर बोलली नव्हती. मग शालीखालून तिनं वाडगा काढला. वाडग्यात हरिऱ्याचं गरम सार होतं आणि लाकडी चमचा.

भिंतीपलीकडे रुक्कियाच्या अंगणात दुसऱ्या गल्लीतला तरणा कसाई आल्याचं ऐकू येत होतं. तामूनं जाऊन दार लोटून घेतलं.

बा हम्मादी पाणी प्यायला. त्याला रडू येत होतं.

"तामू," तो म्हणाला, "मेंढ्यांना कळत होतं गं. सगळ्यांना."