शुक्रवारचा खांब

अण्णा, म्हणजे माझे वडील, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते. निवृत्त झाले तरी दर शुक्रवारी बसवनगुडीच्या घरून दोन बस बदलून तिथे जायचे. मधल्या लोखंडी खांबावर देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे नारळ त्यांनीच फोडायचा, असा पायंडा त्यांनीच पाडलेला. नारळ खांबाच्या पायथ्याशी आपटायचा, पाणी तिथेच सांडायचं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आयुधपूजेआधी, खांबाला नवा हिरवा रंग चढायचा. छताखालच्या क्रेनचा भार याच खांबावर होता.

माझा धंदा लोखंड तपासण्याचा, तोही रंग न खरवडता. यंत्राच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. ते खांबाला टेकवलं की त्याच्या चुंबकीय झटक्याने आतल्या लोखंडात वीज घुमते आणि विरते. लवकर विरली तर समजायचं, गंजाने आतलं लोखंड खाल्लंय.

गेल्या वर्षी त्याच कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. अण्णा हौसेने बरोबर आले. मधल्या खांबाच्या पायथ्याशी मी वाकले, तोच म्हणाले, "अगं, हळदकुंकू वाहिलंय तिथे. स्वल्प, जरा वरून बघ की. या खांबाला काय होतंय?"

एरवी मी कामात कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण हा माझाच बाप होता. कंबरेच्या वर मोजलं, आकडे चांगले आले आणि खांब ठीक म्हणून मी सही ठोकली. वर्षभर ते मनाला टोचत राहिलं. तरी एक फोन करून पुन्हा बघते म्हणाले नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही केला फोन.

यंदा पूजेआधी पुन्हा गेले, तो शुक्रवारच होता. अण्णा नारळ घेऊन उभे होते.

"आज पायथ्याशी लावणार," मी म्हणाले.

"नारळ फोडतो, मग लाव."

"आधी मी."

ते बाजूला झाले. मी हळदकुंकू पुसून वेटोळं टेकवलं. आकडा बघून पुन्हा टेकवलं, मग चारही बाजूंनी. निम्मंसुद्धा लोखंड उरलं नव्हतं. क्रेन थांबवली, खालच्या माणसांना बाहेर काढलं. वेल्डरने रंग खरवडून पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. पायाचं काँक्रीट आणि खांबाचं लोखंड यांच्यातल्या फटीत शुक्रवारचं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं आणि वरून आम्ही रंग देत होतो.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षी ठीक होता ना?"

"मी तिला अडवलं," अण्णा म्हणाले.

"सही माझी आहे," मी म्हणाले.

मालक नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि टेकू मागवायला फोनकडे वळले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

परतताना बसमध्ये नारळ तसाच अण्णांच्या मांडीवर होता. म्हणाले, "नव्या माणसाला त्या खांबाजवळचं लेथ मशीन द्यायचो मी. देवीच्या पायाशी असला म्हणजे सुखरूप राहील म्हणून." मी त्यांचा हात धरला.

आयुधपूजेला घरी पाटावर माझं यंत्र मांडलं. दरवर्षी अण्णाच त्याला कुंकू लावतात. या वेळी त्यांनी बोट बुडवलं आणि थांबले. वेटोळ्याची जागा सोडून यंत्राच्या डब्यावर लावलं. हात जोडून यंत्राला नाही, मला म्हणाले, "पुन्हा मी नको म्हटलं तर ऐकू नकोस हं, बाळ."

नारळ त्यांनी अंगणात नेऊन फोडला. मग वाकून फरशीवरचं पाणी फडक्याने कोरडं पुसून काढलं.