मोठीमायनं सांगून ठेवलेलं

माझी मोठीमाय धडधाकट होती तेव्हापासूनच आपल्या आजारपणाची व्यवस्था लावत फिरायची. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या विहीणबाईंना ती वरणभात कालवता कालवता सांगे, मी अंथरुणाला खिळले तर मला डाव्या कुशीवर निजवायचं, उजवीवर जीव गुदमरतो. विहीणबाई हातातला घास हातातच धरून बघत राहायच्या. शुभकार्यात हे काय भलतंच, म्हणून घरातल्या बाया तिला दटावायच्या. तिचं आपलं ठरलेलं उत्तर असे, "पडल्यावर सांगाले तोंड राहीनच, असं कायले धरून चालता?"

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात त्यांची धानाची शेती होती. मोठेबाबा गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा शेती बटईनं कसायला देऊन ती गोंदियाजवळ मुर्रीला आमच्याकडे राहायला आली. आली ती दोन लुगडी, एक पितळी गडवा आणि सूचनांचा हा भला मोठा गठ्ठा घेऊन. सुरुवातीला मला तो डोक्याला ताप वाटायचा, खोटं कशाला बोलू?

तिला ही खोड सासूपायी लागली होती. सासूची वाचा गेली आणि ती चार वर्षं खाटेवर होती. मोठीमायनं तिचं सगळं केलं. रोज सकाळी डोक्याला जवसाचं तेल चोळायची, चांगलं वाटीभर. सासू डोळे गच्च मिटून घ्यायची. बुढीला सुख वाटतंय असं समजून ही आणखी चोळायची. तेराव्याला सासूची बहीण आली आणि बोलता बोलता म्हणाली, तिला लहानपणापासून जवसाच्या वासानं मळमळायचं. मोठीमाय हे सांगून दर वेळी म्हणायची, "चार वर्सं मी बुढीचा छळ केला, बाबू. अन् मायेनं केला."

तेव्हा तिनं ठरवलं की आपली सेवा करणाऱ्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून एका उन्हाळ्यात तिनं मला वही आणायला लावली. मी गोंदियात सरकारी कचेरीत कारकून. आयुष्यभर टिपण्या लिहिलेल्या, तेव्हा या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही अशी माझी समजूत. ती सांगायची आणि मी लिहायचो. ती म्हणाली, माझ्यासमोर माझ्याबद्दल "तिले काय झालं" असं बोलू नका, मलाच विचारा, मी बोलले नाही तरी विचारा. मी लिहिलं, "सदर व्यक्तीशी थेट संवाद साधावा." ती म्हणाली, पाव्हणा आला तर आधी माझा पदर सारखा करा, मग दार उघडा. तेही मी तसंच इस्त्री मारून लिहिलं. काही गोष्टी मला फारच किरकोळ वाटल्या. त्या मी मान हलवून ऐकल्या आणि लिहिल्याच नाहीत. एवढी अक्कल पाजळली.

एक गोष्ट मात्र तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. जेवण जात नाही म्हणून नाकात नळी घालायची नाही. तिच्या भावाला नागपूरला तशी घातली होती. तो ती उपसून काढायचा, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले होते. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी विचारलं, "अन् नळीशिवाय जगणं होत नसेल तर?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग मले जाऊ देजो. पण आदी नीट पाहून घेजो."

पुढं चार वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात सलाईनवर होती, आठव्या दिवशी घरी आणली. डॉक्टरांनी पाणी पाजून पाहिलं होतं, गिळता येतंय म्हणाले, पातळ भात, पेज द्या. माझी बायको वनिता भल्या सकाळी उठून उकड्या तांदळाची पेज करायची. घरात कुणाच्याही तोंडात घास जायच्या आधी पहिली वाटी मोठीमायची. आजारी माणूस, त्यातून घरातलं वडील माणूस. दुसरं काय करणार? आणि मोठीमाय ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. दोन चमचे पाणी, बस्स.

तीन दिवस गेले. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. भले माणूस, पण ते तरी काय करतील? म्हणाले, "अम्माजी कुछ ले नहीं रहीं. कल नली डालनी पड़ेगी, नहीं तो हाथ से जाएँगी." मी वही काढून बसलो. नळी नको, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं. नळी घालावी तर तिचा शब्द मोडतो, न घालावी तर माझ्या डोळ्यांदेखत ती उपाशी मरते. वही चारदा वाचली. माझ्या त्या झकपक मराठीत एक अक्षर उपयोगाचं निघेना.

दुपारी वनिताला चक्कर आली. तिनंही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी तिला बळेच ताट वाढून दिलं आणि ती खाटेशेजारीच खाली बसून जेवली. मोठीमाय तिचा एकेक घास बघत होती. ताट रिकामं झालं तसे मोठीमायचे डोळे माझ्याकडे वळले. आणि मला झटकन आठवलं. ती म्हणाली होती, "घरच्यायच्या आदी मले जेवाले नोको देजो. जनमभर मी सगळ्यायच्या मागून जेवली, आदी घास उतरत नाई." मळणीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसं जेवून उठल्यावर ही बाई ताटावर बसायची. ते मी लिहिलंच नव्हतं. जुन्या बायांचं बोलणं, म्हणून सोडून दिलं होतं.

मी तिथंच मांडी घालून भात खाल्ला. तिला रिकामं ताट दाखवलं. मग वनितानं चमचा पुढं केला आणि मोठीमायनं तोंड उघडलं. वाटीभर पेज गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, लाज वाटून आणि आनंदानंही.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. आम्ही जेवायचो, मग ती. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही. मग या फाल्गुनात एका सकाळी सगळ्यांचं झालं, ताटं दाखवली आणि तिनं तोंड मिटलं. दुपारीही मिटलं. तिला सरळ विचारलं, मोठीमाय, आता नको ना? तिनं डोळ्यांनी हो म्हटलं. डॉक्टर आले, तेव्हा मी नळी नको म्हणालो आणि माझा आवाज कापला नाही. आधी नीट पाहून घे म्हणाली होती, ते पाहायचं आता काही राहिलं नव्हतं. आम्ही तिला डाव्या कुशीवर निजवलं. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार कुणी मानत नाही, तोंडावर तर नाहीच. त्या दिवशी मी मानले. म्हटलं, मोठीमाय, सांगून ठेवलंस म्हणून आम्हाला तुला सुखानं जाऊ देता येतंय. तिचा डावा हात चालत होता. त्या हातानं तिनं माझं पोट चाचपून पाहिलं, मी जेवलोय की नाही ते.