किड्यांच्या तोंडचा घास

सरकारी योजनेत मी आजवर एकदाच मनापासून सहकार्य केलं, आणि ती योजना नेमकी तिथेच अडली.

झाशीहून बबीनाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा एक रिकामा प्लॉट आहे. त्यावर घर कधी उभं राहील ते माहीत नाही, गाजर गवत मात्र दर पावसाळ्यात कमरेएवढं उभं राहतं. त्याने माझी बायको वसुधा शिंकून शिंकून बेजार होते. आम्ही ते उपटायचो, आणि शेजारच्या पटेरियाजींच्या प्लॉटमधून बी उडून परत यायचं. पटेरियाजींचं मानिक चौकात कापडाचं दुकान. त्यांच्या मते गवत ही निसर्गाची बाब होती (आणि शिंका ही आमची).

गेल्या वर्षी कृषी विभागाचे वर्माजी आले. फक्त गाजर गवत खाणारे किडे ते सोडणार होते, पण दोन्ही मालकांची लेखी संमती हवी होती. मी चंगच बांधला. पटेरियाजींच्या दुकानात तीन खेपा घातल्या, नको असलेल्या दोन चादरी घेतल्या, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. वर्माजींनी गुरुवारी यायचं ठरवलं आणि जाताना म्हणाले, "बस, जगह तैयार रखिएगा।"

मी बुधवारी रजा टाकली. साहेब येणार, तर जागा लख्ख दिसायला नको? हातमोजे घालून, तोंडाला गमछा बांधून दिवसभर उपटत होतो. आमचा प्लॉट संपल्यावर पटेरियाजींचाही साफ केला (सहकार्य अर्धवट नसावं). वसुधाने एकदाच विचारलं, "अहो, मग ते किडे खाणार काय?" मी तिला समजावलं, की विभागाने एवढा विचार केलाच असेल.

गुरुवारी वर्माजी जाळीच्या झाकणांचे डबे घेऊन उतरले आणि त्या उघड्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आले.

"भाईसाहब, घास कहाँ है?"

"जड़ समेत उखाड़ दी," मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी एक डबा माझ्यापुढे धरला. आत पट्टेदार किडे ताटकळले होते. "तो इनको क्या खिलाऊँ? आपके घर के पोहे?"

किडे त्यांनी दुसरीकडे नेले. पटेरियाजी तर सही परत मागायला निघाले. तेव्हा मी शब्द दिला, की दोन्ही प्लॉटचं गवत मीच पुन्हा वाढवून देतो.

नेमका पाऊस दडी मारून बसला. मग रोज कामावर जाण्याआधी मी स्कूटरवर पाण्याचा कॅन नेऊन गाजर गवताला पाणी घालू लागलो. एका भल्या माणसाने जाता जाता दोन रोपं उपटली, तर त्याच्याशी भांडलो. वसुधा डोळे पुसत म्हणाली, की लग्नानंतर इतकी काळजी तिने माझ्यात पहिल्यांदाच पाहिली.

महिनाभराने वर्माजी पुन्हा आले आणि किडे सोडले. पावसाळा सरेस्तोवर पानांची चाळण झाली. यंदा वसुधाच्या शिंका निम्म्यावर आल्या, आणि पटेरियाजी स्वतः इतर प्लॉटवाल्यांना किडे दाखवायला घेऊन येतात.

आता विभागाच्या प्रत्येक बैठकीत मला मंचावर बसवतात, हारही घालतात. मग वर्माजी माइक हातात घेऊन माझी ओळख करून देतात, "अब ये आपको बताएँगे कि क्या नहीं करना है।"