टेबलाची भेग

मिस्त्री भला माणूस. खोटं बोलायचे, पण सुतारकामाच्या धंद्याला लागतं तेवढंच. "उद्या या, तयार ठेवतो," हे त्यांनी आयुष्यात किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, देव जाणे! एक दिवस एक जुनं लिहायचं टेबल दुकानात आलं, आणि कुणाला तरी "उद्या या" म्हणताच त्याचा खण धाडकन उघडला, तेव्हा मिस्त्रींनी लाकडाला दोष दिला. पुढच्या वेळी "अस्सल सागवान आहे, साहेब" म्हणताना खण थेट पोटात बसला, तेव्हा मात्र त्यांची बोबडी वळली.

टेबल त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंसाठी. बाई रोज शाळा सुटली की काम बघायला यायच्या आणि रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या गुंडाळ्या बोटाला वेढत गप्पा मारत बसायच्या. टेबल पोचवायला आपणच जायचं आणि तिथेच मागणी घालायची, असं मिस्त्रींनी ठरवलं होतं. पण शेवटी वरच्या फळीला भेग निघाली. नवी फळी वाळवून बसवायला पंधरा दिवस गेले असते. मिस्त्रींना कुठला धीर! त्यांनी भुसा आणि सरस कालवून भेग बुजवली, वरून पॉलिश मारलं.

"फळी अखंड आहे ना?" बाईंनी विचारलं होतं.

"अखंड आहे."

बाईंनी इतक्या सहज विश्वास ठेवला की मिस्त्रींना त्यांच्याकडे बघवेना. टेबल हमालाबरोबर धाडलं आणि तेव्हापासून बाई दिसल्या की रस्ता बदलला.

महिन्याभरापूर्वी बाई गेल्या. त्यांनीही लग्न केलं नव्हतं. त्यांची भाची टेबल ठेवून म्हणाली होती, "पाय हलतोय, बघा. गुरुवारी येते."

मग मिस्त्री केस विंचरून दुकानात येऊ लागले. "आज चहा पाणचट झालाय," असं काही खरं बोललं, की खण अलगद मिटायचा आणि रंगखडूंचा वास यायचा. साठीला टेकल्यावर संसार सुरू झाला, तोही टेबलाशी! मात्र भेगेचं नाव त्यांनी काढलं नाही.

गुरुवारी भाची आली. "पाय झाला ना? आणि वरची फळी?"

"अखंड आहे," जिभेला वळणच पडलेलं. खण हळूच उघडला, दमल्यासारखा. आत मेणाचा झिजलेला तुकडा होता.

"अखंड कसली, मिस्त्री? भेग उघडली की मावशी मेण भरायची. दुसऱ्या सुताराला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, ज्यांनी केलंय ते येतील कधीतरी."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खाली मान घातली.

"ताई, भेग मीच लपवली. खोटं बोललो. मग लाज वाटली, म्हणून आलो नाही."

त्यांनी खण ढकलला. मिटेना.

"तुमच्या मावशीला मागणी घालणार होतो," ते पुटपुटले.

खण आपोआप मिटला. भाचीने भेगेवरून बोट फिरवलं.

"मग कधी मिळेल टेबल?" तिने शेवटी विचारलं.

"फळी नीट करायची तर पंधरा दिवस. पोचवायला मी स्वतः येईन."

एवढं बोलून मिस्त्रींनी धास्तावून खणाकडे पाहिलं. तो हलला नाही.